वरची आणि खालची

आमच्या मामाला काही विचारलं तर तो उत्तर देत नाही, निकाल देतो. "मामा, पंखा का फिरत नाहीये?" "कंडेन्सर." झालं. कंडेन्सर म्हणजे काय, तो कुठे असतो, आपलाच का गेला, हे विचारायची सोय नाही, कारण पुढचं वाक्य आम्हा भाचरांना पाठ आहे: "सांगून कळणारं असतं तर मला कशाला बोलावलं असतंस?" गेली एकतीस वर्षं तो घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडून बसलाय. आधी रेडिओ, मग टेप, मग अ‍ॅम्प्लिफायर आणि आता लोकांच्या घरचं न चालणारं वायफाय. वस्तू बदलत गेल्या, पद्धत तीच राहिली. यंत्राचं पोट उघडायचं, आत एक फुंकर मारायची आणि एका शब्दात काय ते सांगून मोकळं व्हायचं. हात चांगला आहे, असं लोक म्हणतात. तोंडाबद्दल कुणी काही बोलत नाही.

तोंडाचा कारभार मामीकडे. ती वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून पुस्तकं वाचते. आपण वाचतो तशी आडवं पडून, पाचव्या पानावर झोप लागेपर्यंत नव्हे; माइकसमोर ताठ बसून, एकेक शब्द सोलून काढल्यासारखा. दृष्टिहीनांसाठी एक बोलकं ग्रंथालय आहे, त्यांच्यासाठी ती ध्वनिमुद्रण करते. भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या, खिडकीला दुहेरी ब्लँकेट, मध्ये टेबल आणि टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर. आत शिरलं की कानांत कापूस घातल्यासारखं वाटतं. बारा वर्षांत तिनं साठेक पुस्तकं वाचली. प्रवासाची, इतिहासाची, एक तर चक्क मधमाश्या पाळण्याचं. "एक नवरा सोडला तर बाकी सगळ्याची माहिती झाली मला," असं ती म्हणते, मामा ऐकेल इतक्या आवाजात.

ज्या गुरुवारची ही गोष्ट, त्या दिवशी मी तिथे नव्हतो. मामीनं एक हकिकत सांगितली, मामानं दुसरी, आणि त्या दिवशी दुकानात अडकून पडलेल्या मास्तरांनी तिसरी. तिन्ही एकमेकांवर ठेवल्यावर जे जुळलं, तेवढंच सांगतो.

पुस्तक होतं पुराव्याच्या कायद्याचं. चौदा प्रकरणं, बावीस तासांचं वाचन, मामीचे चार महिने. सोमवारी कायद्याच्या विद्यार्थ्यांची परीक्षा होती. ग्रंथालयाचे सात विद्यार्थी त्या पुस्तकाची वाट बघत होते, आणि त्यांतली एक मुलगी तर दर दोन दिवसांनी मामीला फोन करायची. मामी तिला 'वकीलसाहेब' म्हणायची. वकीलसाहेबांचा हाच पेपर मागच्या वर्षी हुकला होता, कारण पुस्तक आवाजात उपलब्धच नव्हतं आणि ज्या मैत्रिणीनं वाचून दाखवायचं कबूल केलं होतं ती ऐनवेळी आजारी पडली. हा पेपर यंदाही गेला तर नाव कॉलेजातून कमी होणार होतं. ग्रंथालयाची गाडी गुरुवारी संध्याकाळी पाचला येणार, पुस्तक भरलेली छोटी डिस्क घेणार आणि रात्रीतून सातही जणांकडे प्रती रवाना होणार. गाडीवर असतात ते भाऊ पुढे आणखी तीन गावं करतात, त्यामुळे दहा मिनिटांच्या वर कुणासाठी थांबत नाहीत.

सकाळी साडेदहाला मामीनं शेवटचं एकदा तपासावं म्हणून सहावं प्रकरण लावलं, आणि तिचा स्वतःचाच आवाज मध्येच अडखळला. मग टेबलाखालून आवाज आला. कट्. थोडं थांबून, कट्. कट्.

तिनं मामाला हाक मारली. मामा वर आला, गुडघ्यांवर बसला आणि कॉम्प्युटरच्या पत्र्याला कान लावला.

"डिस्क चालली."

"चालतेय ना? मग बरं."

"चालली म्हणजे निघाली. कायमची."

मामी खुर्चीवर बसली. "अहो, पुस्तक आहे त्याच्यात."

"माहीत आहे."

"सगळं. एकच प्रत."

"एकच?" मामानं पहिल्यांदा मान वर केली. "तू तर रोजचं काम रोज खाली माझ्या मशीनवर उतरवून ठेवायचीस."

"ठेवायचे. एक प्रकरण उतरायला तास-सव्वा तास लागायला लागला, तोवर रेकॉर्डिंग बंद. तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, मशीन म्हातारं झालं. मग मी ठरवलं, पुस्तक संपलं की एकदम उतरवू."

मामानं पुन्हा पत्र्याला कान लावला.

आता हे मशीन म्हणजे एक चमत्कारिक प्रकरण होतं. तीन वर्षांपूर्वी वीज कोसळली तेव्हा त्याची पेन ड्राइव्ह लावायची सगळी भोकं आणि नेटवर्कची वायर खोचायची जागा, दोन्ही जळाली. कीबोर्ड आणि माऊस जुन्या गोल पिनांचे होते म्हणून वाचले. मामानं आत वायफायचं एक कार्ड बसवलं आणि काम चालू ठेवलं. म्हणजे त्या डब्यातून काही बाहेर काढायचं तर एकच वाट होती: हवेतून, खालच्या राउटरपर्यंत, आणि तिथून दुकानातल्या कॉम्प्युटरवर.

"डिस्कच काढून खाली नेऊ," मामी म्हणाली.

"काढायची तर बंद करावं लागेल. बंद केलं की पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही. अशी डिस्क फिरते आहे तोवर फिरते."

"मग फाइली लहान करून पाठवू. तुम्हीच करता ना तसं गाण्यांचं?"

"लहान केलेली फाइल लिहायची कुठे? ह्याच डिस्कवर. आजारी माणसाकडून ओझं उचलून घेऊ नये." एवढं लांब स्पष्टीकरण मामानं लग्नानंतर पहिल्यांदाच दिलं असावं. मामी त्यावरूनच घाबरली.

अकरा वाजता कॉपी सुरू झाली. पडद्यावर हिरवी पट्टी उगवली आणि तिच्याखाली एक ओळ आली: उरलेला वेळ, पंधरा तास.

हातात होते सहा.

पुढचे दोन तास मामानं त्याला येतं ते सगळं केलं. मामीला ताकीद दिली की मशीनला कुणी हात लावायचा नाही, माऊससुद्धा हलवायचा नाही, एकही जास्तीची क्लिक नको. मग खाली गेला. राउटर फळीवर होता तो उचलून जिन्याच्या तोंडाशी, वायर पुरेल तिथवर आणून ठेवला. पंधरा तासांचे साडेचौदा झाले. दुकानातला कॉम्प्युटर वायफायवर होता, त्याला राउटरपासून सरळ वायर जोडली, म्हणजे निम्मा रस्ता तरी हवेतून जायला नको. चौदा. शेजारच्या घरी जाऊन त्यांना तासाभरासाठी त्यांचं वायफाय बंद करायला लावलं. त्यांचा मुलगा कसलासा सामना बघत होता, तो जे म्हणाला ते मामानं आम्हाला सांगितलेलं नाही. परत येऊन बघितलं, तर पुन्हा साडेचौदा.

मग त्याची नजर गाद्यांवर गेली.

"ह्या खातात सिग्नल."

"कापसानं सिग्नल खाल्लेला मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही," मामी म्हणाली. पण वेळ वाद घालायचा नव्हता. दोघांनी मिळून चारही भिंतींच्या गाद्या उतरवल्या. बारा वर्षांची धूळ खोलीभर झाली, मामीला शिंका सुटल्या, आणि पट्टी होती तिथेच. गाद्यांच्या ढिगावर बसून दोघं तिच्याकडे बघत राहिले. टेबलाखालून आवाज येतच होता. कट्. आता दोन आवाजांमधलं अंतर कमी झालं होतं, असं मामी म्हणते. मामा म्हणतो तितकंच होतं. पण तोही मोजत होता म्हणजे.

एक वाजता मामीनं फोन लावला.

"वकीलसाहेब, खरं ते सांगते, घाबरू नका."

"मावशी, तुम्ही असं म्हणालात की मी घाबरतेच."

मामीनं सांगितलं. मग ती मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "किती प्रकरणं येतील पाचपर्यंत?"

"ह्या चालीनं पाच. फार तर सहा."

"मग पहिल्यापासून नका आणू. पहिली पाच मी वर्गात ऐकलीत, थोडीफार डोक्यात आहेत. सहा ते अकरा आणा. निम्मा पेपर त्यावर असतो. आणि मावशी…"

"बोल."

"काही नाही. तुम्ही जेवून घ्या."

मामी फोन ठेवून खाली आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "ती मला जेवून घ्या म्हणतेय," एवढंच म्हणाली आणि वर गेली. मामानं त्यानंतर दुपारभर पाणीसुद्धा घेतलं नाही, हे मास्तरांनी सांगितलं.

हे मास्तर म्हणजे निवृत्त संगीतशिक्षक. शाळेचा माइक बिघडला म्हणून सकाळपासून स्टुलावर बसून होते. मामानं त्यांना चारदा "उद्या या" म्हणून सांगितलं, आणि चारही वेळा मास्तर "मला घाई नाही" असं म्हणाले. त्यांना खरंच घाई नव्हती. घरी सून नव्या रंगाचे नमुने भिंतीला लावून सगळ्यांची मतं घेत होती. मास्तरांनी आधीच्या रंगाबद्दल मत दिलं होतं, आणि ते अजून निस्तरत होते.

पावणेतीन झाले. पहिलं, दुसरं आणि सहावं प्रकरण खाली पोचलं होतं, सातवं अर्ध्यावर. मामा दुकानाच्या मधोमध उभा राहून राउटरकडे असा बघत होता, जणू राउटरनंच आता बोलावं.

मास्तरांनी घसा साफ केला. "एक विचारू?"

"माइक उद्या."

"माइकचं नाही. तुमचं वायफाय वापरतोय मी सकाळपासून. तुम्हीच पासवर्ड दिला होतात मागे. फार रांगतंय हो."

"इथे? राउटरपासून चार हातांवर?"

"हो ना. दोन नावं दिसतात, वरची आणि खालची. मी खाली बसलोय म्हणून मी आपली 'खालची' धरली. वरच्या मजल्याची कशाला घ्या, वहिनींचं काम चालू आहे…"

"अहो मास्तर, इथे बसून 'वरची' धरायची! 'खालची' ही लांबच्या…"

आणि मामा थांबला.

मास्तर सांगतात, त्यांनी आयुष्यात अनेक मुलांना भर गॅदरिंगमध्ये पुढची ओळ विसरताना पाहिलं आहे, पण असा चेहरा पाहिला नव्हता.

झालं होतं ते असं. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. वरची पट्टी वेगवान, पण दमाची कच्ची. भिंत आली, छत आलं की तिचा जीव जातो. खालची पट्टी सावकाश, पण भिंतीतून आरपार जाते. रेडिओच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्यांनी पासवर्ड मिळवला म्हणून मामानं तो बदलला, तेव्हाच दोन्ही पट्ट्यांना सुटसुटीत नावं दिली: वरची आणि खालची. पट्टी हा शब्द त्याच्या मनात होता, म्हणून लिहिला नाही. आणि मामीला सांगितलं, "नवा पासवर्ड टाकून घे." कशावर टाकायचा, हे सांगितलं नाही. सांगून कळणारं थोडंच होतं.

मामीनं वर जाऊन यादी उघडली. वरची, खालची. घरात दोनच खोल्यांना ही नावं होती. ती वरच्या खोलीत बसली होती. तिनं 'वरची' धरली. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं तेच केलं असतं.

आणि त्या दिवसापासून तिचं एक प्रकरण उतरायला तास-सव्वा तास लागायला लागला.

आज सकाळपासून मामानं घरातली एकूण एक वस्तू तपासली होती, ही एक सोडून. ती त्यानं स्वतः बसवलेली होती ना.

त्यानं फोन उचलला. जिना चढून जायचं त्याला सुचलं नाही.

"अगं, खालचीवर ये."

"खाली येऊ? आणि इथे कोण बघणार?"

"तू नाही! वायफाय! वायफाय खालचीवर घे!"

"पण मी वर आहे ना!"

"म्हणूनच!"

"म्हणूनच काय? अहो, नीट बोला हो एकदा तरी, सकाळपासून—"

"ओरडू नकोस."

"वरच्या पट्टीत तुम्ही लागलाय, मी नाही!"

मास्तरांनी स्टुलावर मांडी थोपटली. "पट्टी! अरे, म्हणजे पट्टी होय! गाण्यातली! आम्ही आपले खोल्या शोधतोय." मामानं त्यांच्याकडे बघितलं, त्यात मास्तर गप्प झाले.

मग मामा वर गेलाच. सातवं प्रकरण अर्ध्यावर होतं, ते तोडावं लागणार होतं. वायफायची यादी उघडायची म्हणजे क्लिक, आणि क्लिक म्हणजे डिस्कला आणखी एक धक्का. कॉपी सुरू झाल्यापासून ज्या माऊसला एकदाच, सहावं लावण्यापुरता हात लागला होता, त्यावर मामीनं हात ठेवला.

"तुम्ही करा."

"तू कर. तुझा हात हलका आहे."

तिनं क्लिक केलं. यादी उघडली नाही. वाळूचं घड्याळ फिरत राहिलं. टेबलाखाली कट्, कट्, कट्, तीनदा लागोपाठ. मामा पत्र्यावर हात ठेवून उभा होता, ताप बघतात तसा. दहा सेकंद. वीस. मग यादी उघडली, मामीनं 'खालची' धरली, पासवर्ड घातला, एक अक्षर चुकलं, पुन्हा घातला.

जोडलं गेलं.

सातवं प्रकरण पहिल्यापासून सुरू केलं. पडद्यावर आकडा आला आणि मामीनं चष्मा काढून पुन्हा लावला. सात मिनिटं.

"तास की मिनिटं?"

"मिनिटं."

"मग इतके दिवस काय होतं?" मामीनं विचारलं.

"नंतर सांगतो," म्हणून मामा खाली गेला. कुठलाही निकाल न देता.

पुढचा तास असा गेला, की मामी वरून फोनवर "सातवं गेलं" म्हणायची, मामा खालून "आलं" म्हणायचा, आणि मास्तर वहीवर टीक करायचे. आठवं गेलं, आलं. नववं, दहावं. पावणेचारच्या आधी अकराव्याला हात घातला आणि ते दोन टक्क्यांवर अडकलं. हिरवी पट्टी हलेना. डिस्क एकाच जागी घासत राहिली, किसणीवर काहीतरी किसावं तसा आवाज.

"सोड ते," मामा खालून म्हणाला. "त्या जागेवरच दुखणं आहे. बाकीची आधी काढ. अकरावं शेवटी."

"पण निम्मा पेपर…"

"तिथेच बसलो तर बाकीचंही जाईल."

मामीनं अकरावं सोडलं. तिसरं, चौथं, पाचवं. बारावं, तेरावं. मध्ये एकदा मशीन इतकं थांबलं की मास्तरांनी टीक करायला उचललेलं पेन दीड मिनिट तसंच धरून ठेवलं. मग चौदावं. ते खाली पोचलं तेव्हा चार वाजून बारा मिनिटं झाली होती. मामीनं अकराव्यावर क्लिक केलं.

एक मोठा कट् झाला. आणि मग काहीच नाही. पडदा निळा. फिरणाऱ्या डिस्कचा जो बारीक घूं-घूं आवाज दिवसभर खोलीत होता, तो गेल्यावर ती खोली किती शांत आहे ते कळलं.

मामी जिन्यावरून खाली आली. हातात पुस्तक होतं, छापलेलं.

"अकरावं लहान आहे. चाळीस मिनिटांचं. तुमच्या मशीनला माइक लागतो?"

"लागतो, पण तुझ्या माइकची पिन इथे बसणार नाही," म्हणत मामानं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी त्यांचा बिघडलेला माइक पोटाशी धरला. मामानं तो घेतला, पोट उघडलं, एक तुटलेली तार होती तिला कथिलाचा डाग दिला आणि तीन मिनिटांत परत मिटवला. सकाळपासून "उद्या या" चाललं होतं, ते तीन मिनिटांचं काम निघालं. मास्तर हे अजून विसरलेले नाहीत.

शटर अर्धं ओढलं. पंखा बंद. फ्रिजची वायर काढली. फोन बंद केले. मास्तर म्हणाले, "मी जाऊ?" मामी म्हणाली, "स्टूल वाजतं. बसा तसेच." चार वाजून एकोणीस मिनिटांनी तिनं पान उघडलं आणि मामाकडे बोट दाखवलं. "चुकले तरी थांबणार नाही. पुन्हा वाचायला वेळ नाही. तुम्ही फक्त तोंड उघडायचं नाही. जमेल?"

मामानं मान हलवली.

तिनं वाचायला सुरुवात केली. दुकानात डागाचा वास, उकाडा, चारी बाजूंना पोटं उघडलेले स्पीकर. मास्तरांच्या कपाळावरून घामाचा थेंब निघाला आणि त्यांनी तो पुसला नाही. साडेचारला कुणीतरी शटर वाजवलं. "आहात का?" मामी वाक्याच्या मध्ये होती. ती थांबली नाही, फक्त आवाज एक पायरी खाली घेतला. मामा चवड्यांवर शटरपाशी गेला, खालच्या फटीतून नुसता हात बाहेर काढला आणि 'जा' असा हलवला. बाहेरचा माणूस काय समजला देव जाणे, पण गेला.

अकरावं प्रकरण होतं कबुलीचं. कुणी, केव्हा, कशी दिलेली कबुली खरी धरायची, ते सगळं. पावणेपाच झाले. पाचला पाच कमी. गाडी बाहेर येऊन थांबल्याचा आवाज आला, दार उघडलं, भाऊंच्या चपला पायरीवर वाजल्या आणि तिथेच थबकल्या. बारा वर्षं ते त्या आवाजाच्या डिस्का वाहत होते. तो आवाज वाचताना प्रत्यक्ष कधी ऐकला नव्हता. त्यांनी हॉर्न वाजवला नाही. पायरीवर बसले.

मामी शेवटच्या पानावर होती. "कबुली," तिनं वाचलं, "ही धाकानं काढलेली नसावी, आमिषानं मिळवलेली नसावी. ज्याच्या हातून चूक घडली, त्यानं ती कुणी न विचारता, आपण होऊन सांगितलेली असेल, तरच तिला वजन आहे."

"हं," मामा म्हणाला.

अगदी स्पष्ट. खोल. छातीतून.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मामीची नजर पानावरून उठली, मामावर एक सेकंद थांबली आणि परत पानावर गेली. उरलेल्या चार ओळी तिनं तशाच, न डगमगता वाचल्या.

पाच वाजून तीन मिनिटांनी संपलं. फाइल छोट्या डिस्कवर जायला दोन मिनिटं लागली. मामानं चौदाही प्रकरणांची सुरुवात एकेकदा वाजवून बघितली. शटर वर केलं. भाऊंनी डिस्क खिशात घातली आणि विचारलं, "पूर्ण आहे?" मामी म्हणाली, "पूर्ण आहे." गाडी गेली. मास्तरही माइक घेऊन उठले, आणि पायरीवरून म्हणाले की घरी रंगाबद्दल विचारलं तर आज ते 'हं'सुद्धा म्हणणार नाहीत.

दुकानात दोघंच उरल्यावर मामानं सांगितलं. पट्टी, नावं, पासवर्ड, दोन वर्षं, सगळं. मामीनं विचारलं नव्हतं. बोलायला त्याला पाच-सात मिनिटं लागली, म्हणजे त्याच्या हिशेबानं भाषणच. शेवटी म्हणाला, "मशीन म्हातारं नव्हतं."

"नव्हतंच," मामी म्हणाली. "मी तेव्हाच म्हणत होते."

शुक्रवारी दुपारी वकीलसाहेबांचा फोन आला. पहाटेपासून तिचं सहा ते अकरा ऐकून झालं होतं, आणि आवाज आदल्या दिवसापेक्षा बराच मोकळा होता.

"मावशी, एक शंका. अकराव्या प्रकरणात, शेवटी, मागून कुणीतरी पुरुष 'हं' म्हणतोय. ते पुस्तकात आहे का? पेपरात लिहायचं का?"

मामीनं दुकानाकडे बघितलं. मामा एका रेडिओत डोकं घालून बसला होता, पण हातातला पेचकस फिरत नव्हता.

"लिहू नकोस," मामी म्हणाली. "ते तुझे काका. त्यांचं म्हणणं नोंदवून घेतलंय."